सातवा तास

सोमवार, रात्री पावणेबारा

बर्फ थांबलाय, पण मीठ टाकणारी गाडी अजून रस्त्यावरून घरघरत फिरतेय. उद्या शाळा दोन तास उशिरा, म्हणून मनू निवांत जागी आहे. पुढच्या वर्षीचे, म्हणजे अकरावीचे विषय शुक्रवारपर्यंत भरायचेत. तिनं एक तक्ता केलाय आणि त्यात पाच एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, आहेत: कॅल्क्युलस बीसी, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज, यूएस हिस्टरी आणि सायकॉलॉजी. शेवटच्यापुढे तिनंच लिहून ठेवलंय, 'सोपा आहे म्हणतात'.

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूला मुलं नववीत गेली की आईबापांची पहिली चौकशी 'किती घेतेय?' अशी असते. कशाचे किती, हे सांगावं लागत नाही. परवा हळदीकुंकवाला एकीनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवताच विचारलं. मी 'चार-पाच' म्हणाले, भाजीवालीला वाटाण्याचा अंदाज सांगावा तसं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सहा चाललेत." पुढे गोड बोलणं झालं, पण घरी येताना गाडीत मी सहाच मोजत होते. नवरा म्हणाला, "तिच्या मुलाचे सहा तुला का टोचतायत?" उत्तर नव्हतं, म्हणून मी हीटर वाढवला.

सांगलीला फोन केला तेव्हा आईला हे समजावताना माझी दमछाक झाली. "म्हणजे ए ग्रुप की बी ग्रुप?" तिचा पहिला प्रश्न. तसं नाही गं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच करायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची, गुण १ ते ५. चार किंवा पाच पडले तर बरीच कॉलेजं तो विषय झाला असं धरतात, काही अजिबात धरत नाहीत. एका परीक्षेला शंभर डॉलरच्या आसपास, आणि नाव नोव्हेंबरातच नोंदवायचं. पुढे विचार बदलला तर ४० डॉलर गेले. वर, आमच्या शाळेत एपीतल्या 'ए' श्रेणीचे चारऐवजी पाच गुण धरतात. आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे अवघड पेपरला वरचे मार्क. हे आपल्याकडे असतं तर तुझ्या बाबांनी तुला सगळेच घ्यायला लावले असते."

मंगळवार

शाळेत कौन्सेलरबाईंकडे दहा मिनिटं मिळाली. त्यांच्याकडे दोनशेच्या वर मुलं आहेत, त्यामुळे तक्रार नाही. मी सरळ विचारलं, किती घेतले म्हणजे पुरे? हा प्रश्न त्यांनी या आठवड्यात पन्नासदा ऐकला असणार. आकडा सांगितला नाही. पण एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. कॉलेजच्या अर्जासोबत शाळेकडून जो अहवाल जातो त्यात कौन्सेलरला एका ओळीवर खूण करावी लागते: याच शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलीनं घेतलेले विषय सगळ्यात कठीण होते, बरेच कठीण होते, कठीण होते, की साधारण. म्हणजे तुलना आपल्याच वर्गातल्या मुलांशी. शेजारच्या गावातल्या शाळेत वीस एपी शिकवत असोत नाहीतर सहा, त्याच्याशी मनूचं देणंघेणं नाही.

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, अरे देवा, म्हणजे त्या सहावाल्या मुलाशीच तुलना आहे.

संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मावसभावाला फोन लावला, कारण त्याची मुलगी यातून नुकतीच बाहेर पडलीये. तो म्हणाला, कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, ती यूसीवाली, जीपीए, म्हणजे सरासरी गुण, काढताना एपीसारख्या विषयांचे जादा गुण फक्त आठ सत्रांचे धरतात, त्यातही दहावीतली चारच. आठ सत्रं म्हणजे वर्षभराचे चार विषय. त्यापुढे कितीही घेतले तरी त्या आकड्यात भर पडत नाही. "आम्हाला हे कळलं तेव्हा पोरगी आठवा विषय करत होती," असं म्हणून तो हसला. त्याची बायको मागून काहीतरी बोलली. ती हसत नव्हती.

बुधवार

आज मनूच्या शेजारी बसून वेळेचा हिशोब मांडला. मी पेन्सिलनं कागदावर, ती तक्त्यात.

शाळा सुटते पावणेतीनला. बसनं घरी साडेतीन. खाणं, अंघोळ, अर्धा तास लोळणं (हे तिनं लाजत लिहिलं, मी खोडू दिलं नाही). वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून तिनं प्रत्येक विषयाला रोजचा वेळ टाकला होता. हिस्टरीला एक तास, कारण वाचनच तेवढं. कॅल्क्युलस पाऊण तास, केमिस्ट्री पाऊण आणि प्रयोगाची वही वेगळी, इंग्लिश पाऊण, सायकॉलॉजी अर्धा. वर एपी नसलेले विषय. मंगळवारी आणि गुरुवारी व्हायोलाचा सराव. रविवारी सकाळी मराठी शाळा. बेरीज झाल्यावर झोपेला उरले पाच तास वीस मिनिटं.

"पुरेसे आहेत," ती म्हणाली. वय वर्षं पंधरा.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. ती तीन दिवस पोटात घेऊन फिरत होती. एपी केमिस्ट्रीला प्रयोगासाठी एकाआड एक दिवस जोडून दुसरा तास लागतो. तो येतो सातव्या तासाला. आणि सातव्या तासाला ऑर्केस्ट्रा असतो. दोन्ही होणार नाहीत. तिच्या तक्त्यात ऑर्केस्ट्राच्या चौकटीला राखाडी रंग दिलेला होता, मला तो मुळी दिसलाच नव्हता. मी तीन दिवस एपीचेच रकाने मोजत बसले होते.

पाचवीत ती व्हायोला घरी घेऊन आली तेव्हा मला वाटलं होतं व्हायोलिनचीच मोठी बहीण. सगळ्यांना व्हायोलिन हवं होतं, व्हायोला उरला होता. आता तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूला त्याचा कायमचा डाग पडलाय. घरी ती वाजवते तेव्हा सूर असा मधला असतो, भिंतीपलीकडे कुणीतरी हळू बोलत बसल्यासारखा. एकटा ऐकला तर कंटाळवाणा वाटेल. पण मैफिलीत तो थांबला की लगेच जाणवतं.

"सोडणार?" मी विचारलं.

"तुलाच पाच हवेत ना?"

हे मी कधीच म्हटलं नव्हतं. पण मैत्रिणीशी फोनवर बोलताना घरात मुलं असतात, हे आपण विसरतो.

गुरुवार

आज भांडण झालं. मूळ कारण केमिस्ट्री, पण घसरलं भलतीकडेच. मी म्हणाले, मराठी शाळा सोडायची नाही हं, बाकी काय ते ठरव. पुढच्या वर्षी तिला मराठीची परीक्षा द्यायचीये. न्यू जर्सीत २०१६ पासून दोन भाषा येणाऱ्या मुलांना शालान्त प्रमाणपत्रावर तशी मोहोर मिळते, आणि त्यासाठी मराठीही चालते. एपीत मराठी नाही. स्पॅनिश आहे, जपानी आहे, अगदी लॅटिनही आहे. म्हणून मी या मोहोरेला धरून बसलेय.

ती म्हणाली, "तू अकरावीत मराठी सोडलं होतंस ना? आजीनं सांगितलं."

सोडलं होतं. खरंय. दहावीनंतर सायन्सला गेलेल्या आमच्या अख्ख्या बॅचनं सोडलं होतं. बायफोकलचा, म्हणजे व्यवसाय अभ्यासक्रमातला, इलेक्ट्रॉनिक्स घेतला की बायोलॉजी आणि दुसरी भाषा दोन्ही सुटायची, आणि दोनशे मार्कांचा एक विषय यायचा ज्यात निम्मे मार्क प्रॅक्टिकलचे. स्कोअरिंग. हा शब्द बाबांनी इतक्यांदा म्हटला की मला तो मराठीच वाटायचा. माझी बारावी १९९९ ची, इंजिनिअरिंगला सीईटी अजून आली नव्हती, सगळं बारावीच्या मार्कांवर ठरायचं. दीड-दोन टक्क्यांनी कॉलेज बदलायचं. बाबा चुकले नव्हते. मला सांगलीच्या वालचंद कॉलेजला प्रवेश मिळाला, तिथून नोकरी, तिथून हे घर, हा बर्फ.

पण दहावीला माझ्या मराठीच्या बाई निबंधाच्या वहीवर लाल शाईनं लिहायच्या, 'पुढे लिहीत राहा'. मी पुढे सर्किटं जोडली. आजसुद्धा ही रोजनिशी लिहिताना 'ऱ्हस्व' लिहायचं तर हात अडतो. मनूला तो शब्द रविवारच्या शाळेत शिकवलाय, ती न अडता लिहिते.

हे सगळं मी तिला बोलले नाही. एवढंच म्हणाले, "हो, सोडलं. मला कुणी विचारलं नव्हतं." ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री नवऱ्यानं केमिस्ट्रीच्या एका जुन्या परीक्षेचे प्रश्न उघडून दोन सोडवून पाहिले. एक चुकला. केमिकल इंजिनिअर आहे तो. मनूला सांगू नको म्हणाला, आणि मीच जेवताना सांगितलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

शुक्रवार

फॉर्म गेला. दुपारी शाळेतूनच तिनं भरला, मला संध्याकाळी कळलं. चार एपी. केमिस्ट्री नाही, त्याऐवजी ऑनर्स फिजिक्स. ऑर्केस्ट्रा सातव्या तासाला आहे तसाच. सायकॉलॉजी तिनं ठेवलंय, सोपं आहे म्हणून, आणि ते मला फारसं पटलेलं नाही. सोपा म्हणून घेतलेला विषय कुठे नेतो हे मला ठाऊक आहे. पण माझा इलेक्ट्रॉनिक्स काढून दाखवावा तर माझंच घर त्यावर उभं आहे.

"कौन्सेलर त्या ओळीवर कुठे खूण करतील?" मी विचारून बसलेच.

"आई."

बरं, नाही विचारत.

सहावाल्या मुलाच्या आईचा मेसेज आलाय, फायनली किती केले? अजून उत्तर दिलेलं नाही. वर मनू वाजवतेय, तोच मधला सूर, एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी एकाच जागी चुकतेय. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करायला उठते.