दहा नंबरचा पाना

फोंड्यात सकाळपासून धो धो पाऊस आणि गाडीला चावी मारली तर नुसतं टक-टक. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर साचलेली. मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक, घोळ जोडणीत. दहा नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह सोडवली, मग पॉझिटिव्ह. (उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर दिवाळीच!) गरम पाण्यात खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश. फसफसताना बघायला मजा येते हो! पुसून कोरडं केलं, उलट्या क्रमाने जोडलं, वर व्हॅसलीन. तेवढ्यात पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू. तशाच काळ्या हातांनी पाव घेतले, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. गाडी मात्र एका चावीत सुरू! घड्याळ तेवढं १२:०० वर अडकलंय. ते कसं लावतात, कुणाला माहीत आहे?