फरशीच्या सांध्यावरची चाल

रोज पहाटे आमराईत चार फेऱ्या मारणारा माणूस पडेल कशाला, अशी माझी घमेंड होती. वय ७१. गेल्या श्रावणात परसात भरलेली बादली घेऊन वळलो आणि धाडकन खाली. मनगट मुरगळलं, बाकी हाडं शाबूत. आठवडाभर मी शेवाळाला शिव्या दिल्या. पण त्यानंतर जिन्याचा कठडा हातातून सुटेना आणि फिरणंही बंद झालं. ही धास्ती पडण्याहून वाईट. घरात बसून पाय आणखी कच्चे होतात.

शेवटी मुलीनं विश्रामबागेत एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिनं खुर्चीपासून तीन मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावली. "काका, उठायचं, नेहमीसारखं तिथंवर चालायचं, वळून परत येऊन बसायचं." मला १६ सेकंद लागले. १२ किंवा जास्त लागले की पडायचा धोका धरतात. चालणं ठीक होतं हो. वेळ जात होता उठण्यात आणि वळण्यात! मग हात छातीशी बांधून ३० सेकंदांत किती उठबशा होतात ते मोजलं. माझ्या वयाच्या पुरुषाला १२ तरी जमाव्यात. मी आठव्यालाच धापा टाकत होतो.

नुसतं सपाटीवर चालून तोल सुधारत नाही, हे मला तिथं कळलं. आठवड्यातून तीन दिवस मांड्या-पोटऱ्यांची ताकद आणि तोल यांचा वेगळा व्यायाम, आणि चालणं त्याच्या जोडीला. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात म्हाताऱ्यांसाठी बसवलेला घरगुती व्यायाम असाच आहे म्हणे.

आमचा आखाडा म्हणजे स्वयंपाकघर. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. खरी परीक्षा शहाबादीच्या सांध्यावर. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा भिडवत, ओट्याच्या कडेकडेनं चालायचं. बायको भाकरी थापता थापता माझी पावलं मोजायची. सातव्या पावलाला मी हटकून उजवीकडं कलायचो. "पायाकडं काय बघताय? कॅलेंडरकडं बघा!" बघितलं, आणि तोल टिकला की.

डॉक्टरांनी बसून आणि उभं राहून बीपी बघितला. उठलं की उतरत होता, म्हणून गोळी बदलली. आता पहाटे मिनिटभर खाटेवरून पाय सोडून बसतो, मग उठतो. झिजलेली रबरी चप्पल टाकली. न्हाणीत धरायला दांडी लावून घेतली, तर गड्यानं टॉवेलची नळी ठोकून दिली. जोर दिला तशी हातात आली. पडलो नाही हे नशीब. मग बोल्ट मारून पक्की दांडी बसवली.

तीन महिन्यांनी त्याच चिकटपट्टीला वळून आलो, ११ सेकंद. डाव्या पायावर मात्र अजून सहा सेकंदच टिकतो. पँट चढवताना भिंत लागतेच.

परवा हिलाही खुर्चीत बसवलं. १४ सेकंद.

"तुमची खुर्चीच बुटकी आहे," म्हणाली, आणि मेथी निवडायला गेली.