मध्ये दोन मजले म्हणजे फरक तीनचा: लॉ सीईटीतली क्रमाची कोडी

क्रमाचं कोडं समोर आलं की बरेच विद्यार्थी थेट पहिल्या प्रश्नावर जातात आणि चारही पर्याय एकेक करून बसवून बघतात. दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा तेच, पुन्हा शून्यापासून. वेळ इथेच जातो. प्रश्न चार असले तरी अटी त्याच असतात, म्हणून आधी मांडणी पूर्ण करायची आणि मगच प्रश्न वाचायचे.

नमुना म्हणून हे घ्या. घोडबंदर रोडवर सात मजली इमारत, दर मजल्यावर एक कुटुंब, सर्वांत खालचा मजला पहिला. कुटुंबं अशी: कदम, जोशी, पाटील, म्हात्रे, शिंदे, नाईक, भोईर. म्हात्रे जोशींच्या लगेच वर. कदम पाटलांच्या वर, आणि दोघांच्या मध्ये बरोबर दोन मजले. शिंदे जोशींच्या खाली कुठेतरी. नाईक पहिल्या किंवा सातव्या मजल्यावर. भोईर आणि कदम लागोपाठच्या मजल्यांवर नाहीत.

नावांची आद्याक्षरं वापरा: क, ज, प, म, श, न, भ. अटी लगेच चिन्हांत उतरवा, मूळ वाक्याकडे पुन्हा बघायची वेळ येऊ नये. ‘लगेच वर’ म्हणजे ज आणि म यांची जोडी, एका चौकटीत. ‘खाली कुठेतरी’ला चौकट नको, नुसता बाण. सगळ्यात जास्त चुका कदम-पाटलांच्या अटीत होतात. मध्ये दोन मजले म्हटलं की पुष्कळांच्या कागदावर फरक दोनचा पडतो. ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीहून कोपरखैरण्याला जाताना मध्ये रबाळे आणि घणसोली ही दोन स्टेशनं लागतात, पण उतरायचं असतं तिसऱ्या स्टेशनवर. कदम म्हणजे पाटील अधिक तीन.

आता सुरुवात कुठून? सोपी दिसणारी अट नव्हे, सर्वांत कमी जागा देणारी अट आधी. पाटील-कदम जोडीला चारच जागा आहेत: 1-4, 2-5, 3-6, 4-7. नाईकांना दोन. दोन्ही एकत्र धरल्या की आठ शक्यता. त्यातून नाईक 1 असताना 1-4 आणि नाईक 7 असताना 4-7 बाद. उरल्या सहा. या सहाही कागदावर उभ्या करा, अंदाजाने एकच धरून पुढे जाऊ नका.

नाईक 1 वर धरू. पाटील-कदम 2-5 असतील तर रिकामे 3, 4, 6, 7. जोशी-म्हात्रे 3-4 वर बसवले तर शिंद्यांना खाली जागाच नाही, म्हणून जोशी-म्हात्रे 6-7 वर. 4 हा कदमांना लागून, तिथे भोईर चालणार नाहीत. भोईर 3, शिंदे 4. ही मांडणी पक्की. 3-6 असेल तर जोशी-म्हात्रेंना सलग जागा फक्त 4-5, शिंदे 2 वर, भोईर 7 वर म्हणजे कदमांच्या डोक्यावर. बाद. 4-7 असेल तर जोशी-म्हात्रे 5-6, आणि 2-3 वर शिंदे-भोईर कोणत्याही क्रमाने.

नाईक 7 वर असताना हीच पद्धत. 1-4 मध्ये जोशी-म्हात्रे 5-6, भोईर 2, शिंदे 3. 2-5 मध्ये भोईर 6 वर ढकलले जातात, बाद. 3-6 मध्ये जोशी-म्हात्रे 4-5 आणि 1-2 वर शिंदे-भोईर कसेही. पहिल्या मजल्यापासून लिहिलं तर एकूण सहा मांडण्या:

न प भ श क ज म
न श भ प ज म क
न भ श प ज म क
प भ श क ज म न
श भ प ज म क न
भ श प ज म क न

एवढं झालं की प्रश्न म्हणजे नुसतं वाचन. ‘भोईर तिसऱ्यावर असतील तर नक्की खरं काय?’ पहिल्या दोनच ओळी लागू, दोन्हींत नाईक पहिल्यावर. ‘शिंदे चौथ्यावर असतील तर?’ एकच ओळ, सगळा क्रम ठरला. जोशी चौथ्याच्या खाली कधीच येत नाहीत. म्हात्रे कायम पाटलांच्या वर असतात. ही गोष्ट एकाही अटीत लिहिलेली नाही, आणि असलीच विधानं पर्यायांत पेरलेली असतात.

‘नक्की खरं’ आणि ‘खरं असू शकतं’ यांची गल्लत मात्र मांडणी बरोबर असूनही मार्क घालवते. कदम म्हात्रेंच्या वर आहेत, हे सहांपैकी चार ओळींत खरं. म्हणजे असू शकतं, नक्की नाही. ‘नक्की खरं’ला एक विरोधी ओळ सापडली की पर्याय कापा; ‘असू शकतं’ला एक अनुकूल ओळ पुरते. दुसरा घोळ म्हणजे ‘समजा भोईर तिसऱ्यावर आहेत’ ही एका प्रश्नापुरती अट पुढच्या प्रश्नात ओढत नेणं. ती मुख्य आकृतीत लिहूच नका, बाजूला छोटी आकृती काढा. ‘खालीलपैकी कोणता क्रम शक्य आहे?’ या प्रश्नाला तर आकृतीचीही गरज नाही. एकेक अट घ्या, ती मोडणारा पर्याय खोडा.

रांगेच्या कोड्यात तोंड कुठे आहे ते आधी बघा. दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्याचा उजवा हात तुमच्या कागदावर डावीकडे येतो. ‘शेजारी’ म्हणजे दोन्ही बाजू, ‘लगेच उजवीकडे’ म्हणजे एकच. ‘तर’ आणि ‘तरच’ही वेगळे. ‘क पहिला असेल तर ज शेवटचा’ यातून ज शेवटचा नसेल तर क पहिला नाही, इतकंच निघतं. ज शेवटचा दिसला म्हणून क पहिला ठरवू नका.

किती सराव करायचा हे परीक्षेवर ठरवा. ठाण्याच्या टीएमसी लॉ कॉलेजसारख्या ठिकाणी जाण्यासाठी राज्याची लॉ सीईटी द्यावी लागते. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. कोडं अर्धवट राहिलं तरी उरलेल्या प्रश्नांना उत्तर नोंदवून टाका. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि आयलेट (दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वेगळी परीक्षा) यांत चुकीला पाव मार्क जातो. क्लॅटचा भर 2020 पासून उताऱ्यांवर आहे. आयलेटमध्ये 150 पैकी 70 प्रश्न तर्काचे, त्यामुळे तिथे ही तयारी जास्त कामाला येते. अमेरिकेच्या एलसॅट या लॉ प्रवेश परीक्षेने ऑगस्ट 2024 पासून अशा कोड्यांचा विभागच काढून टाकला, पण सरावासाठी त्याच्या जुन्या पेपरांपेक्षा चांगलं साहित्य माझ्या मते नाही: 35 मिनिटांत चार कोडी, म्हणजे एकाला पावणेनऊ मिनिटं. आपल्या सीईटीपेक्षा ती अवघड आहेत. सुरुवातीला घड्याळ न लावता सोडवा आणि दर कोड्याला किती शक्यता उभ्या राहिल्या, त्यातल्या किती बाद झाल्या ते लिहून ठेवा. आठाच्या वर शक्यता उरत असतील तर बहुधा एखादी अट वापरायची राहिलेली असते. चिन्हं पुन्हा वाचा. एकही अट राहिली नसेल, तर सगळ्या शक्यता लिहायच्या भानगडीत न पडता थेट प्रश्नांकडे वळा.