दोन चाकं, एकच धुरा

स्कॉटलंडच्या क्लाइड नदीतून निघणाऱ्या 'वेव्हर्ली' या आगबोटीवर पाय ठेवला की सगळे वरच्या डेकवर जागा धरायला धावतात. धावू द्या. जिना उतरून बोटीच्या मध्यभागी या. तिथे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जाण्यायेण्याची वाट आहे, आणि इंजिन उघडंच आहे. कठड्यावरून वाकलं की गरम तेलाचा वास थेट नाकात. माझ्या मते तिकिटाचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

समुद्रात प्रवासी घेऊन फिरणारी चाकांची, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांनी पाणी ढकलत चालणारी आगबोट जगात ही एवढीच उरली आहे. आधीची, 1899 सालची 'वेव्हर्ली' 1940 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या डंकर्कला बुडाली. तिच्या जागी ही 1946 मध्ये पाण्यात उतरली. पहिली फेरी 16 जून 1947ची. 1973च्या हंगामानंतर ती भंगारात जायची, पण चाकांच्या बोटी जपणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्थेला ती 1974 मध्ये एका पौंडाला मिळाली. घेणं स्वस्त, पोसणं महाग: अलीकडे नुसत्या बॉयलरबदलासाठी लोकांकडून तेवीस लाख पौंड गोळा करावे लागले.

ग्लासगोच्या सायन्स सेंटरजवळून बोट सुटते आणि काही मिनिटांतच उजव्या हाताला केल्व्हिन नदी क्लाइडला मिळते. तिथे आज रिव्हरसाइड म्युझियम उभं आहे. म्युझियमची वाकडीतिकडी छपरं बघून लोक फोटो काढतात. ही बोट ज्या गोदीत बांधली, ती पॉइंटहाउसची गोदी त्याच जागेवर होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे क्लाइडबँकची टायटन क्रेन, अर्स्किनचा पूल, डंबार्टनचा खडक. नदीत वेग कमी ठेवावा लागतो, त्यामुळे ग्रीनॉक येईपर्यंत निवांत वेळ असतो. तो इंजिनाला द्यावा.

तीन सिलिंडर तिरके बसवलेले आहेत. वाफ आधी 24 इंची सिलिंडरमध्ये जाते, तिथून दाब उतरला की 39 इंचीत, आणि शेवटी 62 इंचीत. उतरलेल्या दाबाच्या वाफेला तेवढंच काम करायचं तर जागा जास्त लागते, म्हणून सिलिंडर मोठे मोठे होत जातात. नंतर ती थंड करून तिचं पाणी परत बॉयलरला, कारण समुद्राचं खारं पाणी बॉयलरला चालत नाही. दट्ट्याची धाव साडेपाच फूट. माणसाच्या उंचीएवढा पोलादी दांडा मिनिटाला चाळीसेक वेळा पुढे-मागे जातो, आणि तरी शेजारी उभं राहून हळू आवाजात बोलता येतं. डिझेल बोटीची कानठळी नाही, पायाखालची थरथर नाही. सगळी बोट किंचित पुढे-मागे झुलते, झोपाळ्यासारखी.

त्याच वाटेवर चाकाच्या घराला गोल काच आहे. काचेवर पाण्याचा मारा चालू असतो, पण नजर सरावली की फळ्या ओळखू येतात. एका चाकाला आठ, लाकडी. फळ्या चाकाला नुसत्या ठोकल्या असत्या तर पाण्यात शिरताना थपडा मारत शिरल्या असत्या आणि बाहेर येताना पाणी वर उचलत आल्या असत्या. बरीच ताकद त्यातच गेली असती. म्हणून प्रत्येक फळी बिजागरीवर असते. चाकाच्या मध्यापासून जरा पुढे दुसरा एक खुंट असतो, त्याच्यापासून प्रत्येक फळीला एकेक दांडी. दोन मध्य जुळत नसल्यामुळे फिरता फिरता दांड्या फळीला अशा वळवतात की पाण्यात असताना ती जवळजवळ उभी राहते. नावाडी वल्हं सरळ बुडवून सरळ काढतो, तसंच. ओंडका आडवा आला की फळी मोडते. ती बदलता येते. बिजागऱ्या आणि दांड्यांची टोकं झिजली की चाक खडखडायला लागतं, ते दुखणं मात्र मोठं.

दोन्ही चाकं एकाच धुऱ्यावर पक्की आहेत. एक पुढे, एक मागे असं फिरवता येत नाही. शिवाय चाकं मध्यभागी आणि सुकाणू पार मागे, म्हणजे पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बोटीत सुकाणूवर जो पाण्याचा लोट येतो तो इथे नाही. बोट पुरेशी चालती असेल तरच सुकाणू ऐकतं. त्यामुळे धक्क्याला लागताना कप्तानाला पोटात गोळा येईल अशा वेगाने आत यावं लागतं. ब्यूट बेटावरचं रॉथसे आलं की खालीच थांबा. वरून कप्तानाच्या हुकमाची घंटी वाजते, तबकडीचा काटा फिरतो, इंजिनवाला उलटी घंटी देऊन चाकं थांबवतो. क्षणभर तो अजस्र दांडा अधांतरी थबकतो. परत घंटी, आणि सगळं यंत्र उलटं फिरायला लागतं. काचेबाहेर नुसता फेस. वर वजन बांधलेली बारीक दोरी धक्क्यावर फेकलेली असते, तिच्यामागून जाड दोरखंड जातो, खुंट्याला अडकतो आणि बोट त्याच्यावर रेलते. वर उभ्या कप्तानाला इंजिन दिसत नाही, इंजिनवाल्याला धक्का दिसत नाही. मधे फक्त ती घंटी. दिवसभरात हे दृश्य सुटू द्यायचं नाही, आणि उतरायच्या घाईत जवळजवळ सगळ्यांचं सुटतं.

त्या घाईचा आणखी एक त्रास. उतरणारे सगळे एका बाजूला जमले की बोट कलते. त्या बाजूचं चाक खोल जातं, पलीकडचं वर उचललं जातं, खोल चाक जास्त ढकलतं आणि बोट तिरकी ओढायला लागते. एका बाजूला गर्दी करू नका असं सांगितलं की ते मुकाट्याने ऐकावं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ही बोट धावू लागली त्याच्या पुढच्याच महिन्यात, 17 जुलै 1947 ला, 'रामदास' रेवसला जाताना उलटली आणि 600हून अधिक माणसं गेली. पावसाच्या माऱ्यापासून वाचायला लोक एका बाजूला सरकले होते, असं आजही सांगतात.

आडवी लाट आली तरी तेच होतं: कधी हे चाक हवेत, कधी ते, आणि चाकांच्या बाहेर आलेल्या डेकखाली लाटा धडाधड आपटतात. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर चिडण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी सकाळी खात्री करून घ्या, आणि परतीचं रेल्वे तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. ओहोटीला धक्का उंच आणि बोट खाली असते, तेव्हा चढायची फळी चांगलीच उभी होते. गुडघेदुखीवाल्यांनी भरतीची वेळ बघावी.

रॉथसेला धक्क्यावरच 1899 सालची पुरुषांची मुतारी आहे, नकली संगमरवर आणि चिनी फरशांची. लोक ती बघायला जातात. जाण्यासारखी आहे.

काइल्स ऑफ ब्यूट मात्र वरूनच बघायचं. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली ही अरुंद खाडी, आणि बर्न्ट आयलंड्सपाशी तर बोयांमधली वाट इतकी चिंचोळी की दोन्हीकडच्या खडकांवरचं शेवाळ दिसतं. टिनब्रूआखला लाकडी धक्का आहे. तिथे बोट लागताना धक्क्याच्या फळ्या कुरकुरतात.

परतीला सूर्य उतरला की जुलैतसुद्धा हुडहुडी भरते. तेव्हा सगळे खाली येतात आणि इंजिनाची वाट गजबजते. 'इंजिन बघून येतो' याचा क्लाइडवरचा जुना अर्थ बारमध्ये जाऊन येतो, असा आहे. बायकोला तसं सांगून गेलेले बरेच जण खरोखरच कठड्याला टेकलेले सापडतात, हातात ग्लास, नजर दांड्यावर.