ऐकण्याचा तास

(माजी विद्यार्थी, दहावी १९८४)

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास संगीताचा असे. वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं, पण त्या तासाला बाई गाणं शिकवत नसत, ऐकवत. दोघा मुलांना ऑफिसात पाठवून रेकॉर्ड प्लेअर मागवायचा, रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायच्या, कारण नागपूरच्या महाल भागातला तो रस्ता त्या वेळी ऐन भरात असे, आणि मग मलमलीच्या फडक्यानं रेकॉर्ड पुसायची. आडवीतिडवी नाही, खाचांच्या वळणानं गोल. सुई ठेवण्याआधी बाई एवढंच म्हणत, "मधात कोणी बोलायचं नाही. संपल्यावर बोला न, मी ऐकते."

एका रेकॉर्डची एक बाजू आम्ही दोनदा ऐकायचो. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा बाई काहीतरी शोधायला सांगत: तबला नेमका कुठे आला, बासरी थांबली तेव्हा मागे काय चालू राहिलं, गाणाऱ्यानं श्वास कुठे घेतला. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. दोनदा ऐकली की तास संपत आलेला असे. बोलायला जी पाच मिनिटं उरत ती कधीच पुरत नसत, म्हणून आम्ही रस्ताभर वाद घालत घरी जायचो. माझ्या वर्गमित्रांनी या स्मरणिकेत गणिताच्या सरांवर, स्नेहसंमेलनांवर, कबड्डीच्या संघावर लिहिलं असेलच. मला या एका तासावर लिहायचं आहे. पुढे मी जितक्या मैफलींना गेलो आणि जितक्या रेकॉर्डी, कॅसेटी, सीडी जमवल्या, त्या सगळ्यांत ऐकणारा कान इथलाच आहे.

पहिली रेकॉर्ड ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ सालची, एचएमव्ही कंपनीची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, असं तिचं सूत्र. पहाटे अहिर भैरव, रात्री पहाडी. आम्हाला राग कळत नव्हते, पण दिवस चढतो आहे हे कळत होतं. बाईंनी वेष्टणावरची नावं वाचून दाखवली आणि सांगितलं की हिच्यामागे एचएमव्हीचे जी. एन. जोशी आहेत. आपल्या मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ १९३२ साली रेकॉर्डवर गाऊन ज्यांनी भावगीताची वाट मोकळी केली, तेच हे जोशी. विदर्भातल्या एका कवीची कविता आणि काश्मीरचा मेंढपाळ एकाच माणसाच्या हातून गेले, हे ऐकून मला फार भारी वाटलं होतं. आजही वाटतं.

संतूरचा सूर टिकत नाही, तारेवर आघात झाला की तो विरायला लागतो. त्यामुळे या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, कशी काढणार, हा आक्षेप शिवजींवर सुरुवातीला घेतला जाई. रेकॉर्डवर मात्र सूर सलग, लांब, थरथरत येत होता, आणि ते कसं होतं हे आम्हा वर्गातल्या कोणालाच सांगता आलं नव्हतं. उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं, शिवजींना समोर बसून ऐकलं तेव्हा. त्यांनी संतूर मांडीवर घेतलं होतं. आलापात ते कलम, म्हणजे संतूर वाजवायची लाकडी काडी, तारेवर मारत नव्हते, अलगद टेकवून थरथरत सरकू देत होते. कलम तारेवरून उचललंच जात नव्हतं, म्हणून सूर तुटत नव्हता. आघात आणि आघाताच्या मधली जागा ते त्या थरथरीनं भरून काढत होते. शाळेतल्या दुसऱ्या खेपेच्या ऐकण्यात जे शोधलं होतं ते डोळ्यांना दिसलं. मैफलीला जायचं ते यासाठी, असं माझं ठाम मत आहे. नुसतं ऐकायचंच असेल तर घरी जास्त स्वच्छ ऐकू येतं.

पहिली मैफलसुद्धा बाईंमुळेच घडली. सिव्हिल लाइन्सला आकाशवाणीची निमंत्रित श्रोत्यांसमोरची मैफल होती आणि बाईंनी आमच्यातल्या काहींसाठी पासेस मिळवले होते. नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. घरोघरी त्याची सवय होती, पण आवाज जिथून निघतो ती जागा आम्ही पाहिली नव्हती. ग्वाल्हेर गायकीचे एक ज्येष्ठ गायक होते. पुढे माइक, मागे दोन तंबोरे, आणि आम्हाला सक्त ताकीद की खोकला आला तर बाहेर जायचं. बडा ख्याल भरात आला असताना तबल्याचा सूर थोडा उतरला. पावसाळी हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल धरते, सैल पडते. तबलजींनी ठेका चालू ठेवला आणि अधूनमधून मोकळ्या मात्रेला हातोडीनं वादीखालचा एक-एक गट्टा, म्हणजे लाकडी ठोकळा, खाली सरकवत सूर परत वर आणला. गायक त्या वेळी मुद्दाम एका सुरावर थांबून राहिले, तबल्याला वेळ दिला, आणि जुळल्यावर मान हलवून पुढे निघाले. हे सगळं काही आवर्तनांत झालं.

नंतर तीच मैफल रेडिओवर लागली. घरी सगळ्यांना गप्प बसवून मी ऐकली. तो लांबलेला सूर आला आणि मला माहीत होतं की तो तबल्यासाठी आहे. आमच्या बाबांना तो नुसता सुंदर वाटला. दोघांचंही बरोबर होतं. त्याच गाण्याचे दोन अर्थ एका घरात, एका वेळी हजर होते, आणि तेव्हापासून मैफल मोठी की रेकॉर्ड मोठी या वादात मी कधी पडलो नाही.

१९८३ च्या जुलैच्या तीस तारखेला गायक वसंतराव देशपांडे गेले. आम्ही दहावीत होतो. पुढच्या शनिवारी बाईंनी ‘कट्यार काळजात घुसली’ची रेकॉर्ड आणली आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या सुई ठेवण्याआधी बराच वेळ बोलल्या. वसंतराव मूर्तिजापूरचे, पण गळा घडला तो आपल्या नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात. पुढे सी. रामचंद्र म्हणून गाजलेले राम चितळकरही तिथेच शिकले. नाटक लिहिलं ते पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, तेही नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गात एक वेगळीच शांतता होती. आपण ज्या गल्ल्यांतून दप्तर घेऊन चालतो, त्याच शहरातून हे आलं आहे, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

वसंतरावांचा मारवा त्यानंतर मी शोधून ऐकला. लाहोरला उस्ताद असद अली खाँसाहेबांनी त्यांना मारवाच शिकवला, बाकी काही नाही, ही गोष्ट जाणकारांच्या तोंडी असते. मारव्यात रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) नाहीच. षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, येणंही गाणारा लांबवत नेतो. त्यामुळे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि एकदाचा षड्ज लागला की सभागृहभर सुस्कारा ऐकू येतो. हा राग सूर्यास्ताचा. म्हणूनच इथे एक तक्रार मांडतो. शहरातल्या एका कार्यक्रमात एक तरुण गायिका मारव्यानं सुरुवात करणार होती. दीपप्रज्वलन झालं, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग प्रमुख पाहुणे, मग आणखी दोघांचे सत्कार. तिनं तंबोरा हातात घेतला तेव्हा बाहेर केव्हाच अंधार पडला होता. तिनं मारवा सोडून दुसराच राग घेतला. चांगला गायली, पण त्या संध्याकाळचा मारवा गेला तो गेलाच. आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे: सत्कार गाण्यानंतर करा. कलावंत संपूर्ण गाऊ दे, मग हवं तितकं बोला.

आवाजाचंही तेच. मोठ्या मैदानावरच्या विनामूल्य कार्यक्रमांना हजारो माणसं येतात, पोराबाळांना घेऊन येतात, याचा मला आनंदच आहे. पण तंबोरा ढोलासारखा वाजवून दाखवायची काही गरज नसते. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह जवळपास दोन हजारांचं, सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह त्याहून आटोपशीर. मला विचाराल तर ख्याल ऐकायला दुसरं. पावसाळ्यात वसंतरावांच्या स्मृतीत तिथे होणारा समारोह मी सहसा चुकवत नाही.

आता माझी सर्वांत लाडकी रेकॉर्ड: किशोरीताई आमोणकरांची, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. शाळा सुटल्यावरच्या वर्षांत सीताबर्डीच्या बाजारात रिकामी कॅसेट दिली की हवी ती रेकॉर्ड भरून देणारी दुकानं होती. साठ मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला भूप पूर्ण मावून थोडी फीत कोरी राहायची. भूपातली ‘सहेला रे’ ही बंदिश संपल्यावर ती कोरी फीत मी तशीच चालू ठेवायचो, लगेच बागेश्री लावणं जमत नसे. भूप म्हणजे पाच सुरांचा राग, गाणं शिकणाऱ्या मुलांना अगदी सुरुवातीला शिकवतात. सा रे ग प ध, लहान मूलही आरोह-अवरोह म्हणून दाखवतं. त्याच पाच सुरांत ताई गंधारावर (ग) येतात तेव्हा तो प्रत्येक खेपेला नव्या बाजूनं दिसतो. रिषभावरून आलेला गंधार वेगळा, पंचमावरून उतरून आलेला वेगळा. इतकी वर्षं ऐकूनही मला त्यात न ऐकलेलं काहीतरी सापडतं. ताईंच्या मैफलीत तंबोरे जुळायला वेळ लागे आणि काही श्रोते चुळबुळ करत. मला तो वेळ हवासा वाटे. तंबोऱ्याची खर्जाची तार आणि जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, एक झाले की त्यातून आपोआप गंधार ऐकू यायला लागतो, कोणी छेडलेला नसतानाही. तो ऐकू आला की समजावं, आता गाणं सुरू होणार.

कुमार गंधर्वांना प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला नाही. १२ जानेवारी १९९२ ला ते गेले. त्यांची निर्गुणी भजनं एचएमव्हीच्या रेकॉर्डवर ऐकली होती, पण खरे कुमारजी भेटले ते रसिकांमध्ये हातोहात फिरणाऱ्या घरगुती बैठकांच्या कॅसेटींतून. आवाज खरखरीत, कुठे पंख्याची घरघर, कुठे कोणाची तरी ‘वा’. त्या ‘वा’वर कुमारजी तीच जागा पुन्हा घेतात, पण थोडी बदलून, दाद देणाऱ्याकडे वळून घेतल्यासारखी. स्टुडिओतल्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात हे मिळत नाही, कारण तिथे समोर कोणी नसतं. तरुण मित्रांना मी म्हणतो, मोबाइलवर सगळं आहे, ते खुशाल ऐका, पण श्रोते समोर असताना झालेलं ध्वनिमुद्रण निवडून ऐका.

शाळेच्या व्यवस्थापनाला एक विनंती मी पत्रानं केली आहे, इथे सर्वांसमोर पुन्हा करतो. माझ्याकडच्या एलपी मला शाळेला द्यायच्या आहेत. प्लेअर आणि स्पीकरची सोय मी करतो, सुई बदलण्याचा खर्चही माझ्याकडे. शाळेनं फक्त आठवड्यातला एक तास द्यावा. परीक्षा नको, गुण नको, टिपणं लिहून घेणं तर नकोच. आठवीपासून सुरू करावं आणि पहिल्या दिवशी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची पहिली बाजू लावावी, दोनदा. दुसऱ्या खेपेला मुलांना एवढंच विचारावं की बासरी थांबल्यावर मागे कोण वाजत होतं.