खांदा

माउलींची पालखी लोणंदला आली की आमची दिंडी तिला मिळते. माणदेशातली पुष्कळ माणसं तिथूनच पुढं चालतात. आबांच्या काळी दिंडीबरोबर सात-आठ गाड्या असायच्या. आता सामान ट्रकात, पाणी टँकरमध्ये, आणि उरलेला एकच छकडा आमचा. त्यात म्हाताऱ्या माणसांच्या वळकट्या, कडब्याची कुट्टी, सरकी पेंडीचं पोतं, दोन बादल्या, आणि तात्यांची कापडी पिशवी. तात्या माघात गेले. पिशवी मी उघडली नव्हती, त्यांनी अडकवली असती तिथंच, गाडीच्या साट्याला अडकवली.

गाडी भरणं हे तात्यांचं नेमाचं काम. वजन आखाच्या थोडं पुढं हवं, पण थोडंच. जास्त पुढं आलं की गाडी धुरजड होते, सगळा भार जुवावाटे मानेवर येतो आणि चार दिवसांत खांदेसूज. मागं गेलं की उलाळ होते, जू वर उचलतं आणि जुपणी, म्हणजे जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा, गळ्याला काचते. बैल जुंपायच्या आधी जू हातानं उचलून बघायचं: एका माणसाला थोडा जोर लावून उचलता आलं पाहिजे, पण आपोआप वर जाता कामा नये. पेंड रोज कमी होते, म्हणजे तोल रोज बदलतो, म्हणून काल भरलेली गाडी आज पुन्हा लावायची. लोकांचा काकडा सुरू असायचा आणि तात्या वळकट्या पुढं-मागं करत असायचे.

तरडगाव, फलटण, बरड. पहाटे तीनला जुंपायचं आणि ऊन चढायच्या आत जेवढं निघेल तेवढं निघायचं. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण यंदा लांबूनच दिसलं. लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावायचे तेव्हा आबा घोड्याच्या तोंडाला फेस किती आलाय ते बघायचे. मातीही लावायचे, पण नंतर.

फलटणच्या पुढं एका गावात बायकांनी बैलांना ओवाळलं आणि पुरणपोळ्यांची चळत पुढं केली. मला राग आवरला नाही, आवाज चढला. त्या माउलींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला अर्धा दिवस स्वतःचीच लाज वाटली, तरीही ते बोलायला हवंच होतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात पोळी, भात, गूळ एकदम भरपूर गेलं की ते आंबतं, रवंथ थांबतो, वायू कोंडतो. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, फुगून पखवाजासारखी वाजायला लागते. मग कुणीतरी मान वर धरून घाईनं तेल पाजतं आणि ते श्वासनळीत जाऊन दुसरंच संकट उभं राहतं. पालखीमार्गावर पशुसंवर्धन खात्याची पथकं असतात, त्यांना गाठायचं. पण पोळी एक घास नैवेद्यापुरती दिली की ती वेळच येत नाही. केळ्याच्या साली प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकतात ते तर याहून वाईट. पिशवी पोटात राहते ती राहतेच.

बरड सोडलं त्या दिवशी पाऊस नव्हताच. धर्मपुरीशी सोलापूर जिल्हा लागतो, तिथपासून ऊन वैऱ्यासारखं. रस्ता आता रुंद झालाय, सिमेंटचा झालाय, आणि जुने वड गेलेत. सिमेंट दोन गोष्टी करतं: तापतं आणि पत्री, म्हणजे बैलाचा नाल, घासतं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन आणि एका बैलाला आठ पत्र्या. त्या निघायच्या आदल्या दिवशी कधी मारायच्या नसतात. आठ-दहा दिवस आधी मारायच्या, म्हणजे एखादा खिळा जिवाला लागला असेल तर घरीच कळतं. यंदा नालबंद उशिरा मिळाला. चार दिवस आधी मारल्या आणि मी तसाच निघालो.

दुपारी जोडीतला हौश्या पुढचा उजवा पाय अडखळत टाकायला लागला. आधी वाटलं खडा असेल. मग दिसलं की तो थांबला की पाय टेकवतच नाही, नुसतं टोक टेकतो. माझ्याही टाचेला फोड आलेला, मोजा आत चिकटलेला. रस्त्याकडेला एक कडुनिंब, एक पत्र्याची शेड, हातपंप. शेडमधून एक म्हातारबाबा आले. रामकृष्णहरी झालं.

"माउली, आधी पाणी दाखवा त्यांना," ते म्हणाले. "पण जरा धाप बसू द्या."

धाप बसली. दोघांनी बादल्यांवर बादल्या रिचवल्या. या उन्हात एकेक बैल दिवसाला पन्नास लिटरच्या आसपास पाणी पितो, आणि टँकरवर माणसांची रांग असते तेव्हा बैलांची बादली नेहमी शेवटी भरते. आबा त्यावरून भांडायचे. आख्ख्या वारीत त्यांचं भांडण एवढंच.

बाबांनी हौश्याला पाडायला नको म्हटलं. शिंगाच्या मुळाशी खाजवलं, पाय गुडघ्यात मुडपून आपल्या मांडीवर घेतला, आणि बाहेरच्या नखीवरच्या पत्रीचे खिळे पकडीनं एकेक करून टोकले. तिसऱ्याला हौश्यानं पाय झटकला. "हाच." खिळा खुराच्या भिंतीतून तिरपा बाहेर निघायला हवा, हा सरळ आत गेलेला. तो उपसला तेव्हा टोकाला काळसर ओल होती आणि कुजका वास आला. बाबांनी सगळी पत्रीच काढली. पुन्हा मारायची नाही, म्हणाले, भोक मोकळं राहू दे, घाण वाहून जाऊ दे. कोमट मिठाच्या पाण्यानं खूर धुतला, तीनदा.

"हळद आहे का?"

तेव्हा पिशवी उघडली. हळदीचा डबा, तुरटीचा खडा, करंजीच्या तेलाची बाटली, दाभण, सुतळी. आणि तळाला गोणपाटाचे चार तुकडे, दुहेरी शिवलेले, खुराच्या मापाचे, प्रत्येकाला दोन-दोन बंद. कडेचे टाके बारीक, अगदी सारखे. तात्यांची शेवटची दिवाळी अंथरुणावर गेली. तिथं बसून ते काय शिवत होते ते मी कधी विचारलं नव्हतं.

बाबांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "कुणी केलंय?"

मी सांगितलं. त्यांनी काहीच म्हटलं नाही, खुराला बांधला, बंद ना घट्ट ना सैल, एक बोट जाईल एवढा. मग माझी टाच पुढं घ्यायला लावली. सुई ज्योतीवर धरली, फोडाच्या कडेनं दोरा ओवला आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी झिरपतं आणि कातडी वर राहते. कातडी ओढून काढायची नाही, म्हणाले. पैसे काढले तर हात जोडले. नाव विचारायचं राहिलं.

त्या दिवशी दुसरी पाळी जुंपलीच नाही. दिंडीतल्या एका ट्रॅक्टरला छकडा मागं बांधला आणि मी दोघांना कासऱ्यानं धरून रस्त्याच्या मातीच्या पट्टीवरून नातेपुत्याला नेलं. चार तास लागले. मागून येणारे लोक मोबाईल काढून हौश्याच्या बांधलेल्या पायाचे फोटो घेत होते, एकानं तर शिंगाला हात घालून उभं राहायचा हट्ट धरला. अभंग चालू होता, टाळ चालू होते, आणि माझ्या तोंडून नाम निघत नव्हतं. मग कधीतरी निघायला लागलं.

माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव. दर मुक्कामाला गोणपाट सोडायचा, धुवायचा, दुसरा बांधायचा, ओला ठेवायचा नाही. चार तुकडे पुरले. वाखरीला हौश्या पाय पूर्ण टेकवून उभा राहिला.

एकादशीला आम्हा सगळ्यांचा उपास. बैलांना कुट्टी, भिजवलेली पेंड, मूठभर मीठ, रोजच्यासारखं. "एकादशी माणसाला," आबा म्हणायचे. संध्याकाळी दोघांचे खांदे करंजीच्या तेलानं चोळले, बेंदराच्या आदल्या रात्री खांदेमळणीला चोळतात तसे, मानेकडून वशिंडाकडे. मग तळहात नाही, तळहाताची मागची बाजू जू टेकतं तिथं ठेवायची. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी ऊब हाताला लागते. तात्या वारीत रोज दोनदा असा हात ठेवायचे, पहाटे आणि दिवेलागणीला, आणि तो ठेवल्याशिवाय कळसाकडं बघायचे नाहीत.

आधी जोडीतल्या दुसऱ्याचा, पाखऱ्याचा खांदा पाहिला, मग हौश्याचा. दोन्ही गार होते. मी कळसाकडं वळलो.