गुडघ्याखालचं कापड

शनिवार, दुपार

बोहारणीसाठी बांधून ठेवलेलं गाठोडं आज पुन्हा सोडलं. त्यातून मोठ्या माणसाची सरळ पायाची जीन्स, एक सुती शर्ट आणि काड्या मोडलेली छत्री बाजूला काढली. पहिलीतल्या मुलाचं दप्तर एवढ्यात बसतं. विकत आणायचं ते फक्त चेन, रनर (चेनवर सरकणारी कडी), एक इंची निवारपट्टी आणि दोन बकलं. पुण्याच्या रविवार पेठेत हे सगळं सुटं मिळतं.

कात्री लावण्याआधी जीन्स खिडकीशी उजेडात धरायची. मांडीची आतली बाजू, गुडघे आणि बसायची जागा इथून उजेड झिरपतो. वरून धड दिसणारं कापड तिथे विरलेलं असतं. अशा जागी पट्टा शिवला तर टाके शाबूत राहतात आणि त्यांच्या कडेनं कापड उसकतं. जुन्या कपड्यांची दप्तरं महिन्याभरात फाटतात ती बहुतेक यामुळेच, शिवण कच्ची म्हणून नाही. गुडघ्याखालचं कापड मात्र जवळपास नव्यासारखं असतं. मांडीचा तुकडा कितीही ऐसपैस दिसो, दप्तराच्या दोन्ही बाजू गुडघ्याखालूनच काढायच्या.

पायाची आतली शिवण बहुधा दुमडलेली, दोन टिपांची, जाड असते. तिच्या दोन्ही कडांनी पाव इंच सोडून कापलं की पाय सपाट उघडतो आणि बाहेरची साधी शिवण मधोमध येते. कापून निघालेली जाड शिवण टाकू नये, दप्तर खुंटीला अडकवायला तिच्याइतका मजबूत फास दुसरा नाही. दर पायातून 15 बाय 15 इंचांचा एक चौकोन घ्यायचा. तयार दप्तर 12 इंच उंच, 10 रुंद आणि 4 खोल होतं. ताणणारी जीन्स असेल तर ती या कामाला घेऊच नये. वजनानं पट्टे लांबतात आणि दप्तर कमरेखाली लोंबतं.

शनिवार, रात्र

पट्ट्यांसाठी कमरेची पट्टी. 34 कमरेच्या जीन्समधून 16 इंचांचे दोन पट्टे निघतात, बटण आणि काजाची टोकं वगळूनसुद्धा जेमतेम पुरतात. लूप उसवताना ब्लेड कापडाकडे नाही, लूपकडे झुकवायचं, नाहीतर नेमक्या भार येणाऱ्या जागी भोक पडतं. पट्टी कडक असते आणि लहान खांद्याला कड काचते, म्हणून आतल्या बाजूला जुन्या टॉवेलची दुहेरी घडी लावून घ्यायची.

पट्टे मागच्या बाजूला, वरच्या कडेपासून दोन इंच खाली, एकमेकांत दोन इंच अंतर ठेवून. त्याहून जास्त अंतरावर लावले की पोराच्या खांद्यावरून घसरत राहतात. शिवण्याआधी आतून 10 बाय 3 इंचांचा दुहेरी तुकडा ठेवायचा, तोही उजेडात तपासलेला. मग टिपेनं चौकोन आणि त्यात फुली. इथे बारीक टीप मारायचा मोह होतो, पण बारीक टिपेनं कापडाला तिकिटाच्या कडेसारखी भोकं पडतात. तीन ते साडेतीन मिलिमीटरची टीप ठीक.

सुई 16 नंबरची, थर चारच्या वर गेले तर 18. दोरा पॉलिस्टरचा. जाड शिवणीवर मशीन चढेना तर कापड ओढायचं नाही, सुई त्यानंच मोडते. आधी शिवण हातोडीनं ठोकून चपटी करायची, दाबपट्टीच्या मागे जीन्सची घडी सरकवून उंची सारखी करायची आणि तेवढे टाके चाक हातानं फिरवून घ्यायचे. सुई मोडलीच तर टोकाचा तुकडा सापडेपर्यंत पुढे शिवू नये. हे लहान मुलाचं दप्तर आहे.

रविवार

अस्तर शर्टाच्या पाठीचं आणि पुढच्या भागाचं. पुढचा भाग खिशासकट कापला की आतला कप्पा आयता मिळतो. रंग फिका हवा, म्हणजे तळाशी पडलेला खोडरबर दिसतो.

चेन 5 नंबरची. ड्रेसची 3 नंबरची चेन पुस्तकं कोंबली की उघडी पडते. जीन्स आणि अस्तर यांच्या मधे चेन ठेवून आधी वरची कड शिवायची. बाजू शिवायच्या आधी रनर मध्यापर्यंत उघडा ठेवायचा. बंद राहिला तर दप्तर उलटवता येत नाही आणि सगळं उसवावं लागतं.

पट्ट्यांच्या बकलांतून येणाऱ्या निवारपट्टीची खालची टोकं बाजूच्या शिवणीत, तळापासून साडेतीन इंच वर. त्याहून खाली घेतली तर कोपऱ्यात अडकतात. दप्तर उलटवायला अस्तराच्या तळाला पाच इंच उघडं ठेवायचं. मग कोपरे. बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणून कोपरा तिकोनी पसरायचा, टोकापासून दोन इंचांवर खडूनं आडवी रेघ मारायची. ती चार इंच भरली तर माप बरोबर. आधी टीप, नंतरच कात्री.

पुण्यात शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, म्हणजे दप्तर पहिल्याच आठवड्यात ओल्या व्हरांड्यात टेकणार. जीन्स पाणी पिते आणि आषाढात दोन दोन दिवस वाळत नाही. म्हणून तळाला जीन्स आणि अस्तर यांच्या मधे छत्रीचं कापड. त्याला टाचणी लावायची नाही, तिचं भोक बुजत नाही. कपड्यांचे चिमटे लावावेत.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहावं. 2020 च्या स्कूल बॅग धोरणात पहिली-दुसरीसाठी भरलेलं दप्तर 1.6 ते 2.2 किलो धरलं आहे. रिकामं दप्तर 400 ग्रॅमच्या वर गेलं तर टॉवेलच्या घडीचा एक थर कमी करावा.

आता दोन किलो तांदूळ भरून ते रात्रभर खुंटीला, फासावर नाही तर दोन्ही पट्ट्यांवर टांगलं आहे. सकाळी पट्ट्यांच्या वरच्या टोकाशी टाक्यांची भोकं लांबट झालेली दिसली, तर टीप वाढवून उपयोग नाही. आतला तुकडा बदलायचा, आणि या वेळी तो जीन्सच्या मोहरीजवळून, म्हणजे पायाच्या खालच्या कडेजवळून घ्यायचा.